दूरच्या लाटेचा माग

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. रत्नागिरी जिल्ह्यांतील एका बंदरगांवच्या शाळेंत मी भूगोल शिकवीत असें. सहामाही परीक्षेंत एक प्रश्न होता: 'समुद्रावर लाटा कशा उत्पन्न होतात?' पुस्तकांतलें उत्तर एका ओळीचें होतें. वारा पाण्यावर घासतो आणि लाटा उठतात. वर्गांतील एका खारव्याच्या मुलानें तेवढें लिहून पुढें आणखी दोन वाक्यें घातलीं होतीं: 'कधीं कधीं वारा पडलेला असतो तरी मोठ्या लाटा येतात. त्या लांबच्या दर्यावरून येतात असें आमचे बाबा सांगतात.' मीं त्या वाक्यांवर तांबडी रेघ मारली, समासांत 'पुस्तकांत नाहीं' असें लिहिलें आणि पांचपैकीं दोन गुण कापले. मुलगा कांहीं बोलला नाहीं. त्या काळीं खारव्यांचीं मुलें मास्तरांशीं वाद घालीत नसत.

श्रोतेहो, आजचें भाषण त्या दोन वाक्यांविषयीं आहे. तीं खरीं होतीं. चुकलों होतों तो मी. माझ्या समाधानासाठीं एवढेंच म्हणतां येईल कीं, त्या मुलाच्या बापाला जें ठाऊक होतें तें आंकड्यांनिशीं सिद्ध करावयास जगांतल्या विद्वानांनाहि विसावें शतक अर्धें सरावें लागलें, आणि तें रोजच्या व्यवहारांत उतरावयास पृथ्वीभोंवतीं फिरणारे उपग्रह लागले. निवृत्त झाल्यावर सवडीनें मीं हा इतिहास वाचला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. त्यांतलें अवघड गणित मला पेललें नाहीं. पण गणिताखालची गोष्ट समजली, आणि ती सांगण्याजोगी वाटली.

लाट मोजणें हें काम वरवर सोपें दिसतें. किनाऱ्यावर उभें राहून पाहावें तर लाट तेथें मोडलेली असते. तिचें खरें रूप तळाशीं गांठ पडण्यापूर्वींचें. भर समुद्रांत जावें तर ज्या फळीवर उभें राहून मोजावयाचें तीच फळी लाटेबरोबर वर-खालीं होत असते. स्थिर असें तेथें कांहींच नाहीं. त्यामुळें शतकानुशतकें खलाशाचा डोळा हेंच एक मोजमाप होतें. इंग्रजी आरमारांतील फ्रॅन्सिस ब्यूफर्ट या अधिकाऱ्यानें १८०५ च्या सुमारास वाऱ्याच्या शून्यापासून बारापर्यंत पायऱ्या ठरविल्या, आणि १८३८ पासून आरमारी गलबतांच्या रोजनिशींत त्या पायऱ्यांनींच वारा नोंदविण्याची पद्धति पडली. परंतु ती मोजणी वाऱ्याची. आणि तीहि शिडांच्या भाषेंतली. लाटेची उंची सांगावयाची ती खलाशानें आपल्या अंदाजानें, आणि ऐकणाऱ्यानें ती आपल्या मगदुराप्रमाणें मानावयाची.

बहुधा ती मानली जात नसे. फ्रेंच दर्यावर्दी द्यूमाँ द्यूर्व्हिल यानें १८२६ सालीं हिंदी महासागरांत शंभर फुटांहून उंच लाटा पाहिल्याचें सांगितलें, आणि त्याच्या सोबत्यांनीं त्यास दुजोरा दिला. पॅरिसमधील आरागो हा त्या काळचा थोर शास्त्रज्ञ. त्यानें या सांगण्याची थट्टा केली. आरागोच्या हातांतहि एक तांबडी लेखणी होती असें मला हें वाचतांना वाटलें.

लाटांचें शास्त्र उभें राहिलें तें मात्र कुतूहलापोटीं नव्हे, तर युद्धापोटीं. दुसऱ्या महायुद्धांत सैन्य उघड्या किनाऱ्यावर उतरवावयाचें होतें. त्यासाठीं सपाट तळाच्या, पुढचें दार खालीं पडणाऱ्या होड्या बनविल्या होत्या. १९४२ सालीं अमेरिकेंत त्यांचा सराव चालला असतां वाल्टर मंक या तरुण संशोधकाच्या लक्षांत आलें कीं, लाटा थोड्या उंच झाल्या कीं होड्या आडव्या फिरतात, पाणी आंत घेतात आणि सराव थांबवावा लागतो. ज्या किनाऱ्यांवर प्रत्यक्ष उतरावयाचें तेथें तर याहून मोठ्या लाटा वर्षांतील पुष्कळ दिवस असतात. मंक हा मूळचा व्हिएन्नाचा. कॅलिफोर्नियांतील स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेंत हाराल्ड स्व्हेरद्रुप या नॉर्वेजियन पंडिताच्या हाताखालीं तो शिकत होता. गुरुशिष्यांनीं मिळून एक पद्धति बसविली: वारा किती जोराचा, तो किती वेळ वाहिला आणि पाण्याच्या किती लांबीवरून वाहिला, या तीन गोष्टी कळल्या कीं लाट किती उठेल तें सांगावयाचें, मग ती वादळाबाहेर पडून किनाऱ्यापर्यंत येतांना किती उतरेल तें सांगावयाचें, आणि शेवटीं उथळ पाण्यांत शिरून ती कशी फुटेल तें सांगावयाचें. हवामान-अधिकाऱ्यांना ही विद्या स्क्रिप्समध्यें शिकविली गेली. १९४४ च्या जून महिन्यांत नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरविण्याचा दिवस ५ तारखेवरून ६ तारखेवर नेला गेला, त्या निर्णयांत हवामानाच्या अंदाजाबरोबर लाटांच्या अंदाजालाहि स्थान होतें.

त्या घाईंत एक अडचण निघाली. हजारों लहानमोठ्या लाटांतून 'आजची लाट एवढी' असा एक आंकडा कसा सांगावा? सरासरी काढावी तर बारीक तरंगांनीं ती खालीं ओढली जाते. अनुभवी खलाशी डोळ्यांनीं पाहून जो आंकडा सांगतो तो मोठ्या लाटांकडे झुकलेला असतो असें दिसून आलें. तेव्हां सर्वांत उंच अशा एक-तृतीयांश लाटांची सरासरी काढावयाची, म्हणजे ती खलाशाच्या बोलण्याशीं जुळते, असें ठरलें. हीच ती लाटांची 'लक्षणीय उंची'. आज उपग्रहहि याच मापानें बोलतो. अवकाशांतील यंत्राचें माप खलाशाच्या नजरेवरून बेतलेलें आहे, ही गोष्ट मला फार आवडते.

याच सुमारास इंग्लंडांत आरमाराच्या प्रयोगशाळेंत जॉर्ज डीकन यांच्या देखरेखीखालीं तरुणांचा एक गट निराळ्या वाटेनें चालला होता. समुद्राचें पाणी एका ठिकाणीं वर-खालीं होतें त्याची सलग नोंद घ्यावयाची आणि तिच्यांत मिसळलेले निरनिराळे तरंग वेगळे करावयाचे, असा त्यांचा उद्योग. तंबोऱ्याच्या चार तारा एकदम छेडल्या तरी जाणकाराचा कान प्रत्येक तार वेगळी ऐकतो, तसाच हा प्रकार. बार्बर आणि उर्सेल या दोघांनीं १९४८ सालीं जो निबंध प्रसिद्ध केला त्यांत दूरच्या वादळांतून आलेल्या लाटा कशा ओळखावयाच्या तें दाखविलें आहे. त्यांतील मर्म सोपें आहे. खोल पाण्यांत ज्या लाटेचा दम लांब, म्हणजे जिच्या एका माथ्यानंतर दुसरा माथा यावयास जास्त सेकंद लागतात, ती लाट वेगानें धांवते. तोकड्या दमाची मागें राहते. वादळांत सगळ्या एकदमच सुटतात, पण किनाऱ्यावर लांब दमाच्या आधीं पोंचतात आणि तोकड्या मागाहून. वीज चमकल्यावर किती वेळानें गडगडाट झाला हें मोजून आपण वीज किती दूर पडली तें सांगतों ना? तसेंच या दोन लाटांच्या येण्यांतील अंतर मोजलें कीं वादळ किती दूर आणि किती दिवसांपूर्वीं झालें तें सांगतां येतें.

आतां प्रश्न असा कीं, ही लाट किती लांब जाऊं शकते? वाटेंत ती विरून कां जात नाहीं? मंक यानें १९६३ सालीं त्याचा छडा लावावयाचें ठरविलें. न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत, म्हणजे जवळजवळ एका ध्रुवाच्या शेजारापासून दुसऱ्या ध्रुवाच्या शेजारापर्यंत, त्यानें प्रशांत महासागरांत एका रेषेंत सहा ठाणीं मांडलीं. पहिलें न्यूझीलंडच्या पॅलिसर भूशिरावर, मग सामोआ, मग पामिरा नांवाचें निर्जन प्रवाळबेट, मग होनोलुलु; त्यापुढें अलास्कापर्यंत एकहि बेट नाहीं, म्हणून तेथें 'फ्लिप' नांवाची एक विलक्षण नौका ठेविली. ही शंभर मीटरांहून लांब नळीसारखी नौका जागेवर पोंचल्यावर आपल्या पोटांत पाणी घेऊन सरळ उभी राहते. तिचा फार मोठा भाग पाण्याखालीं गेल्यामुळें लाटांत ती जवळजवळ हलत नाहीं. सहावें ठाणें अलास्कांतील याकुताट येथें. बेटांवरील ठाण्यांत समुद्राच्या तळाशीं दाब मोजणारीं यंत्रें ठेविलीं होतीं. तीं इतकीं नाजूक कीं डोळ्यांना न दिसणारी लाट त्यांना कळे. मंक स्वतः बायकोमुलांसह सामोआंत जाऊन राहिला.

उत्तरेकडे उन्हाळा म्हणजे दक्षिणेकडे भर हिवाळा. त्या दिवसांत अंटार्क्टिकाभोंवतींच्या समुद्रांत वादळांमागून वादळें उठत असतात. एकेका वादळाच्या लाटा एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर पोंचत गेल्या आणि दहा हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून अलास्काच्या किनाऱ्यावर येऊन थडकल्या. वादळाच्या आसपास असतांना लाट जी काय झिजावयाची ती झिजते. एकदां तेथून सुटली कीं पुढें ती जवळजवळ झिजत नाहीं, असें त्या प्रयोगांत आढळलें. तिची उंची कमी होते ती पसरल्यामुळें. मंक यांना शंभरांहून अधिक वर्षांचें आयुष्य लाभलें. २०१९ सालीं ते वारले. त्यांच्या पुष्कळ शोधांत मला हा शोध विशेष वाटतो, कारण माझ्या तांबड्या रेघेचें उत्तर त्यांत आहे.

पण सहा ठाणीं म्हणजे सहा ठिपके. पृथ्वीच्या सत्तर टक्के पृष्ठावर समुद्र पसरला आहे; त्यांत दक्षिणेचा जो पट्टा लाटांचें खरें माहेर, तेथून गलबतेंहि क्वचित् जातात. तेथें कोणीं पाहावें? हें काम उपग्रहानें केलें.

अमेरिकेच्या स्कायलॅबवरून १९७३ सालीं रडारानें समुद्राची उंची मोजून पाहिली होती. पण केवळ समुद्रासाठीं बनविलेला पहिला पुरा उपग्रह म्हणजे १९७८ च्या जूनमध्यें सोडलेला सीसॅट. सुमारें आठशें किलोमीटर उंचीवरून तो फिरत होता. एवढ्या उंचीवरून दोन हातांची लाट कशी मोजतात, याचें मला मोठें कोडें वाटे. नभोवाणीवरून आकृति काढून दाखवितां येत नाहीं, म्हणून एक कल्पना करा. देवळाच्या गुळगुळीत भिंतीसमोर उभें राहून टाळी वाजविली तर प्रतिध्वनि टाळीसारखाच तुटक येतो. तीच टाळी डोंगराच्या उंचसखल दरडीसमोर वाजविली तर पुढें आलेल्या खडकांवरून आवाज आधीं येतो, मागच्या खबदाडांतून मागाहून येतो, आणि प्रतिध्वनि लांबट, पसरट होतो. उपग्रह खालीं रेडिओलहरींच्या अशा टाळ्या वाजवितो, सेकंदास सुमारें हजार. समुद्र शांत असला तर प्रतिध्वनि एकदम उठतो. लाटा असल्या तर माथ्यांवरून आधीं आणि खळग्यांतून मागाहून येत येत तो हळूहळू चढतो. त्या चढणीचा उतार मोजला कीं लाटांची लक्षणीय उंची निघते. प्रतिध्वनि यावयास लागलेल्या वेळावरून समुद्राची पातळी निघते, आणि त्याच्या जोरावरून वारा किती तें निघतें. एका टाळींत तीन उत्तरें.

सीसॅट १०५ दिवस चालला. १० ऑक्टोबर १९७८ रोजीं त्याच्या वीजयंत्रणेंत बिघाड झाला आणि तो कायमचा मुका झाला. तथापि तेवढ्या दिवसांत त्यानें जीं मापें पाठविलीं त्यांचा अभ्यास पुढें वर्षानुवर्षें चालला. त्यानंतर १९८५ सालीं अमेरिकन आरमाराचा जिओसॅट, १९९१ सालीं युरोपचा ईआरएस-१, आणि १९९२ च्या ऑगस्टमध्यें अमेरिका व फ्रान्स यांचा टोपेक्स-पोसायडन हे उपग्रह गेले. या शेवटच्यापासून समुद्राच्या पातळीची जी नोंद सुरू झाली ती त्याच्या वारसदार उपग्रहांनीं अखंड चालू ठेविली आहे, आणि १९९३ पासून जगांतील समुद्राची सरासरी पातळी सुमारें दहा सेंटिमीटर चढल्याचें तिच्यावरून दिसतें. दहा सेंटिमीटर म्हणजे चार बोटें उंच. पण उधाणाचें पाणी ज्यांच्या उंबऱ्याशीं येऊन थांबतें त्यांना चार बोटें थोडीं नाहींत.

उपग्रह मात्र सर्व ठिकाणीं एकाच वेळीं नसतो. तो आपल्या मार्गाखालची एक अरुंद पट्टी पाहतो आणि पुढें जातो. टोपेक्ससारखा उपग्रह त्याच जागेवर परत यावयास दहा दिवस घेतो. तेवढ्यांत वादळ येऊन निघूनहि जाईल. शिवाय तो आज काय आहे तें सांगतो, उद्यां काय होईल तें नाहीं. ही उणीव गणितानें भरून काढली. लाटांचें गणिती प्रतिमान म्हणजे काय तें आपल्या घरगुती भाषेंत सांगतों. सगळ्या समुद्रावर बुद्धिबळाच्या पटासारखीं घरें आंखावीं, आणि प्रत्येक घराचें एक खातें उघडावें. वारा लाटांना शक्ति देतो ती जमा. लाटा फुटतात, फेंस होतो, तळाशीं घासतात, तो खर्च. शेजारच्या घरांतून लाटा येतात आणि आपल्या घरांतून पुढें जातात, ती आवकजावक. असा जमाखर्च थोड्या थोड्या मिनिटांनीं मांडीत गेलें कीं उद्यांची, परवांची शिल्लक कळते.

फ्रेंच हवामानशास्त्रज्ञ जेल्सी यानें १९५७ सालीं अशा हिशेबाचा आरंभ केला. पण एक खातें कोणाला नीट मांडतां येत नव्हतें: लाटा आपसांतहि शक्तीची उसनवार करितात. हँबर्गचे क्लाउस हासेलमान यांनीं १९६२ च्या सुमारास त्याचें गणित सोडविलें, आणि १९६८ व १९६९ सालीं उत्तर समुद्रांत झ्युल्ट बेटापासून पश्चिमेकडे १६० किलोमीटर लांब यंत्रांची रांग मांडून अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनीं तें पडताळून पाहिलें. तोकड्या लाटा आपली शक्ति लांब लाटांना देत जातात आणि त्यामुळेंच वादळांतील लाटा लांब लांब होत जातात, असें त्यांत ठरलें. हासेलमान यांच्या पुढाकारानें बनलेलें 'वॅम' नांवाचें प्रतिमान १९८८ सालीं प्रसिद्ध झालें, आणि १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच युरोपच्या हवामान-केंद्रांत तें रोज चालूं लागलें. ईआरएस-१ नें मोजलेल्या लाटा त्यांत घातल्या जाऊं लागल्या. दुकानदार रात्रीं खतावणीची शिल्लक आणि पेटींतील रोकड ताडून पाहतो, आणि फरक पडला तर रोकड खरी धरतो. उपग्रह ही येथें रोकड. हासेलमान यांना २०२१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तें हवामानविषयक कार्यासाठीं. परंतु लाटांवरील त्यांचें कार्य मला त्याहून हलकें वाटत नाहीं.

द्यूर्व्हिलचेंहि पुढें काय झालें तें सांगून टाकतों. १ जानेवारी १९९५ रोजीं उत्तर समुद्रांत ड्राउप्नेर नांवाच्या नॉर्वेजियन मंचावर बसविलेल्या लेसर यंत्रानें एका लाटेची उंची २५.६ मीटर मोजली. भोंवतालच्या लाटांची लक्षणीय उंची १२ मीटर होती. म्हणजे ही एकटी दुपटीहून मोठी. पुढें २०११ च्या फेब्रुवारींत उत्तर अटलांटिकांत उपग्रहानें २० मीटरांवर लक्षणीय उंची मोजली. सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरीच वीस मीटर, तर त्यांतली एकादी किती असेल! आरागो मात्र हें ऐकावयास नव्हता.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ सालची. चेन्नईच्या संस्थेनें १९९६ नंतर समुद्रांत मोजणीचे बोये नांगरले. आणि १९९९ सालीं हैदराबादेंत समुद्राची माहिती व इशारे देणारें राष्ट्रीय केंद्र निघालें. समुद्रापासून इतक्या दूर समुद्राचें केंद्र कां, असें कोणी विचारील. पण उपग्रहाची वार्ता उतरवून घ्यावयास किनारा लागत नाहीं. २५ फेब्रुवारी २०१३ रोजीं श्रीहरिकोट्याहून भारत व फ्रान्स यांचा 'सरल' हा उपग्रह गेला. त्याच्या रडाराची लहर पूर्वींच्या रडारांहून बारीक असल्यामुळें त्याची नजर अधिक नेमकी आणि किनाऱ्याच्या अधिक जवळ पोंचणारी. उलट मोठ्या पावसाचे थेंब ती लहर शोषून घेतात, ही तिची उणीव.

या सगळ्याचा उपयोग काय, हें केरळांत दिसलें. तेथील कोळी एका प्रकारच्या पुरास 'कल्लक्कडल' म्हणतात. म्हणजे चोर समुद्र. वारा नाहीं, पाऊस नाहीं, आकाश स्वच्छ. आणि समुद्र एकाएकीं घरांत शिरतो. २००५ च्या मे महिन्यांत असा पूर आला तेव्हां शास्त्रज्ञांनीं त्याचा माग काढला, आणि तो हजारों किलोमीटर दक्षिणेकडील वादळांतून निघालेल्या लाटांपर्यंत गेला. २०१२ सालीं युनेस्कोनें हाच कोळ्यांचा शब्द शास्त्रीय संज्ञा म्हणून मान्य केला. २०२० सालीं हैदराबादच्या केंद्रानें अशा पुरांच्या पूर्वसूचनेची खास व्यवस्था सुरू केली. तरीहि ३१ मार्च २०२४ रोजीं केरळच्या किनाऱ्यावर पाणी घरांत शिरलेंच. चोर कोणत्या दिवशीं येणार हें कळलें म्हणून घराला कडी आपोआप लागत नाहीं.

आपल्या कोंकणपट्टीवर हा चोर तेवढा धीट नाहीं, कारण आपली जमीन बहुतेक ठिकाणीं उंच आणि खडकाळ आहे. पण दक्षिणेच्या लाटा येथेंहि येतात, विशेषतः पावसाळ्यापूर्वींच्या महिन्यांत. हिवाळ्यांत अरबस्तानाकडील 'शमाल' नांवाच्या वायव्य वाऱ्याच्या लाटा अरबी समुद्र ओलांडून येतात, हें गोव्याच्या शास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे. त्यांचा उगम त्या मानानें जवळचा.

लाटांबरोबर किनाऱ्याचाहि विचार आला. १९७२ पासून लँडसॅट मालेंतील उपग्रह जमिनीचीं चित्रें घेत आहेत. जुनें चित्र नव्यावर ठेवलें कीं पुळण कोठें खचली, कोठें भरली तें दिसतें. चेन्नईच्या किनारा-संशोधन केंद्रानें १९९० ते २०१८ या काळांतील चित्रें ताडून पाहिलीं. देशाच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकीं सुमारें एक-तृतीयांश किनारा झिजत असल्याचें त्यांत आढळलें; महाराष्ट्रांत हा भाग सुमारें एक-चतुर्थांश. या कामांत एक मेख आहे, ती ध्यानांत ठेवावी. आपल्या सपाट पुळणींवर भरतीच्या वेळचें चित्र आणि ओहोटीच्या वेळचें चित्र यांतील पाण्याच्या कडेंत कितीतरी पावलांचें अंतर पडतें. तें न ओळखतां 'समुद्र आंत आला' असें म्हणणारा फसतो. एका ठिकाणीं दगडी बांध घातला कीं झीज बांधाच्या पलीकडच्या टोंकाला सरकते, असेंहि पुष्कळ ठिकाणीं घडतें. गांव बांध मागतो, शेजारचें गांव भोगतें. माझ्या मतें बांधाचा पहिला दगड पडण्यापूर्वीं हीं चित्रें ग्रामपंचायतींच्या भिंतींवर लावावयास हवींत; तीं कोणापासून लपविण्याजोगीं नाहींत.

अगदीं किनाऱ्याजवळ उपग्रहाची लाट मोजणारी नजर मंद होते, कारण प्रतिध्वनींत जमीन मिसळते. तेथें खोल समुद्राचा आंकडा घेऊन उथळ पाण्याचें निराळें प्रतिमान चालवावें लागतें, आणि त्याला तळाची खोली ठाऊक असावी लागते. खाडीच्या तोंडाशीं वाळूचा दांडा दर पावसाळ्यांत जागा बदलतो. तो आज कोठें आहे हें तांडेलाला विचारावें.

गेल्या वर्षीं वैशाखांत मी त्या बंदरगांवीं गेलों होतों. मोसम संपत आला होता. होड्या वर ओढण्याचें काम चाललें होतें. माझा तो जुना विद्यार्थी आतां पन्नाशीकडे झुकलेला, स्वतःच्या होडीचा मालक. त्याच्या भ्रमणध्वनीवर हैदराबादचा इशारा आला होता: मालवण ते वसई, उंच लाटा. वारा पडला होता. नारळीचीं झांवळींहि हलत नव्हतीं. मीं त्याला त्या उत्तरपत्रिकेची आठवण दिली. त्याला ती होतीच. मग मंकच्या सहा ठाण्यांची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "गुरुजी, तिथून इथवर यायला लाटेला किती दिवस?"

मीं काठीनें वाळूंत हिशेब मांडला. अठरा सेकंद दमाची लाट धरली तर तिची शक्ति सेकंदाला चौदा मीटर, म्हणजे दिवसाला बाराशें किलोमीटर चालते. वादळ सात हजार किलोमीटर दूर धरलें तर पावणेसहा दिवस. चौदा सेकंदांची लाट धरली तर सव्वासात ते साडेसात. म्हणजे पहिलीच्या मागून दुसरी दीड-दोन दिवसांनीं.

त्यानें वाळूंतले आंकडे पाहिले आणि मान हलविली. "बाबा हेंच सांगायचे," तो म्हणाला. "पहिल्या दिवशीं लाट लांब दमाची असते, मधें माणूस उभा राहून विडी पेटवील. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दम तोकडा होत जातो. दम तोकडा झाला कीं समजायचं, आतां सरत आलं."

"हें तूं तेव्हां कां लिहिलें नाहींस?" मीं विचारलें.

"तुम्हीं उत्तराला पांचच ओळी सोडल्या होत्यात, गुरुजी," तो म्हणाला, आणि होडीखालीं ओंडका सारावयास गेला.